पार्ट टाइम डिप्लोमाला लोन मिळतं का हो?

खारीबिस्कीट: वय ३६, कुर्ल्यात अकाउंट्सला आहे, राहते डोंबिवलीला. दादरला संध्याकाळचा एक वर्षाचा डिप्लोमा करायचाय, फी ८५ हजार. बँकेत गेले तर तिथला पोरगा फॉर्मवर पेन आपटत विचारतो, मॅडम ॲडमिशन मुलाची का? माझीच म्हटलं तर म्हणे पार्ट टाइमला आम्ही देत नाही, पर्सनल लोन घ्या. नवरा म्हणतो एफडी मोड, पण दोन लाखांची ती एकच एफडी आहे, मला नाही मोडायची. नोकरी करता करता कोणी घेतलंय का असं लोन?

चाळकरी: ताई पर्सनल नको, महाग पडेल. स्किल लोन विचारा, २०१५ ची स्कीम आहे, आधी दीड लाखापर्यंत मिळायचं, २०२४ मध्ये साडेसात लाख केलं, तारण लागत नाही आणि कोर्स चालू असेपर्यंत हप्ता नाही. फक्त कोर्स त्या स्कीममध्ये बसणारा हवा, नाहीतर बँक हात वर करते, त्यामुळे आधी कॉलेजच्या ऑफिसात विचारा कोर्स एनएसक्यूएफमध्ये, म्हणजे सरकारच्या कौशल्य कोर्सांच्या चौकटीत, आहे का, आणि लेखी घ्या, तोंडी हो हो सगळेच म्हणतात

वडापाव_विदाउट_चटणी: आणि क्लासवाले स्वतःच 'झिरो कॉस्ट ईएमआय' म्हणाले तर उठून या. माझ्या भावाने टॅबवर बोटाने सही केली, त्याला वाटलं फीचे हप्ते आहेत, निघालं फायनान्स कंपनीचं लोन. तीन महिन्यांत क्लासला टाळं, हप्ते मात्र वर्षभर कापले गेले, बंद करायला गेला तर सिबिल खराब होईल म्हणून दम

सीएसटी_फास्ट: एज्युकेशन लोनच्या व्याजावर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते, आठ वर्षं. पर्सनलवर नाही.

खारीबिस्कीट: ती जुन्या रिजीममध्येच हो, मी नव्यात आहे, मला उपयोग शून्य 😅

चाळकरी: मग एफडी मोडूच नका ना, तिच्यावरच लोन घ्या! एफडीच्या दराच्या वर एखाददोन टक्के व्याज, एफडी आपली चालू राहते, आणि कोर्स कुठला ते कोणी विचारत पण नाही. दोन लाखांवर ८५ हजार आरामात देतील.

खारीबिस्कीट: अय्या हे डोक्यातच नाही आलं, आणि मी अकाउंट्सला! पण एफडी जॉइंट आहे, ह्यांची सही लागेल. रविवारी मटण करते, मग विषय काढते.