मदत हवी आहे : यिट्रियम-बेरियम-तांबं-ऑक्साइडचा (वायबीसीओ) स्फटिक चौरस नाही, मग जोडी 'डी-वेव्ह' कशी?

नमस्कार मंडळी,
दारव्ह्याजवळच्या खेड्यातून लिहितोय. एमएस्सी फिजिक्स, शेवटचं वर्ष. सेमिनारला अपारंपरिक सुपरकंडक्टर (थंड केल्यावर विनारोध वीज वाहणारे पदार्थ) हा विषय हौसेनं मागून घेतला आणि आता गाडं अडलंय.

समजलं ते असं. शिसं, ॲल्युमिनियममध्ये इलेक्ट्रॉनच्या जोडीचा गॅप (जोडी तोडायला लागणारी ऊर्जा; तिला दिशेनुसार चिन्हही असतं) सगळीकडे एकाच चिन्हाचा, ही एस-वेव्ह. क्युप्रेटमध्ये (तांबं-ऑक्सिजनचे थर असलेले सुपरकंडक्टर, वायबीसीओ त्यातलाच) इलेक्ट्रॉनांचं आपसात जबर प्रतिकर्षण, म्हणून तांबं-ऑक्सिजनच्या थरात गॅप एक्स दिशेला अधिक, वाय दिशेला उणे आणि ४५ अंशांवर शून्य, ही डी-वेव्ह. स्फटिक चौरस असला (सममितीचा डी-फोर-एच गट) तर ९० अंश फिरवल्यावर एस-वेव्ह तशीच राहते, या डी-वेव्हचं चिन्ह उलटतं. कॅरेक्टर टेबलमध्ये (सममितीच्या प्रकारांच्या तक्त्यात) दोघींच्या ओळी वेगळ्या.

पण वायबीसीओ चौरस नाहीच! ए-अक्ष ३.८२ अँगस्ट्रॉम, बी-अक्ष ३.८९, वर बी-अक्षाच्या दिशेनं तांबं-ऑक्सिजनच्या साखळ्या. पऱ्हाटी चौफुलीवर टोबली की आडवं-उभं सारखंच, पण ओळीत चार फूट आणि झाडात तीन फूट ठेवलं की ती गंमत गेली. अशा आयताकृती स्फटिकाच्या डी-टू-एच गटात एस आणि डी एकाच ओळीत येतात, म्हणजे मिसळायला मोकळ्या. मग डी-वेव्ह म्हणायचं काहून? आणि ते शून्य टिकतं का?

कॉलेजात या विषयाचं सध्या कोणी नाही, म्हणून इथं विचारतोय.

उत्तर १
भाऊ, शंका रास्त आहे. काटेकोर बोलायचं तर वायबीसीओमध्ये डी अधिक थोडी एस अशीच जोडी आहे. कॉस केएक्स वजा कॉस केवाय (डी-वेव्हचं सूत्र; केएक्स, केवाय म्हणजे इलेक्ट्रॉनच्या संवेगाचे एक्स-वाय घटक) यात छोटा स्थिरांक मिळवून बघ. शून्य जात नाही, ४५ अंशांवरून जरा सरकतं. एसचा भाग डीपेक्षा मोठा झाला तरच ते पुसलं जाईल. ए आणि बी दिशांमधला चिन्हाचा फरकही तोवर शाबूत, आणि प्रयोगात तोच पकडलाय. १९९४ मध्ये आयबीएममध्ये त्सुई आणि कर्टली या शास्त्रज्ञांनी तीन स्फटिकांच्या सांध्यावर वायबीसीओची कडी केली, तिच्यात अर्धा फ्लक्स क्वांटम (चुंबकीय फ्लक्सच्या मूळ एककाचा निम्मा) आपोआप अडकलेला सापडला, चिन्ह उलटल्याची हीच खूण. त्याच लोकांनी १९९७ मध्ये खरोखर चौरस असलेल्या थॅलियमच्या क्युप्रेटवरही तेच दाखवलं. तिथं एस मिसळायला वावच नाही.

एक मात्र ध्यानात ठेव : सिमेट्री फक्त परवानगीची यादी देते. त्यातलं कोण जिंकणार हे इलेक्ट्रॉनांमधली आंतरक्रिया ठरवते. सेमिनारला हाच प्रश्न येतो.

मूळ धागाकर्ता
आभारी आहे दादा. मग थॅलियमवाल्यापासूनच सुरुवात करतो, वायबीसीओ नंतर. एकच विचारायचं राहिलं : वायबीसीओच्या स्फटिकात ट्विन असतात, ए-बीची अदलाबदल झालेले. सीमेपलीकडे डीचं चिन्ह तेच राहून एसचं उलटतं, बरोबर ना?

उत्तर १
बरोबर. शिशाचा सांधा वरून, सी-अक्षाच्या दिशेनं, लावून ते तपासलंही आहे. डी तिथं स्वतःलाच खोडते, म्हणून जो काही प्रवाह मिळतो तो एसचा.