तुंबतं ते बहुतेकदा जाळीपाशी

सुतारकामाच्या मशीनचा भुसा पंख्याने ओढून घेणारा डस्ट कलेक्टर सतत तुंबतो, या तक्रारीवर मोठी मोटर घ्या, असं एकाने सुचवलंय. जरा थांबा. रंधा मशीनची लांब, कुरळी सालपटं पंख्याच्या तोंडावरच्या जाळीत अडकतात, त्यांवर भुसा बसत जातो आणि घट्ट बोळा होतो. माझ्याकडे दरवेळी तो तिथेच सापडला. जाळी मात्र काढू नका. पंख्याच्या आधी सायक्लोन झाकणाचा (हवा गोल फिरवून कचरा खाली पाडणाऱ्या झाकणाचा) पिंप जोडा, सालपटं त्यातच पडतील. पिंप काठोकाठ भरू दिलात तर सगळं पुढे पंख्याकडे जाणार! पाइपच्या वळणावर ९० अंशांच्या एल्बोऐवजी (वाकड्या जोडाऐवजी) ४५ चे दोन लावा, लवचीक होज आखूड ठेवा. मशीन बंद केल्यावरही कलेक्टर थोडा वेळ चालू राहू द्या, पाइप रिकामा होतो. आणि बोळा काढताना आधी प्लग काढा, कळकळीने सांगतोय.