दादाचं लॉटरीचं तिकीट इतकी वर्षं खपवून घेतलं, आता पोत गहाण पडली आहे

धरणगावचा मास्तर:
दादा माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. साडेचार एकर, कापूस आणि थोडा मका. राज्य लॉटरीचं तिकीट तो मी शाळेत होतो तेव्हापासून काढतो. सोडतीच्या दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून पेपरातले नंबर जुळवायचा, आम्ही हसायचो. एकदा दोन हजार लागले तर वहिनीला साडी आणि आम्हाला शेवभाजी.

मागच्या आखाजीपासून (अक्षय्य तृतीया) चक्र फिरलं. आखाजीला आमच्याकडे पत्ते चालतातच, दोन-तीन दिवसांनी डाव मोडतो आणि लोक शेतात जातात. दादा तिथून टपरीवरच्या आकड्याकडे, म्हणजे मटक्याकडे, गेला. उशाखाली वही, तीत ओपन-क्लोज, जोड्या, लाल पेनाचे गोल. कापसाचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकलेत म्हणाला. व्यापाऱ्याला विचारलं, तर पूर्ण पट्टी त्याने महिन्यापूर्वीच उचललेली. परवा कळलं, वहिनीची पोत जळगावला गहाण आहे. म्हणे, "एकवीस दिवस सत्ता (सातचा आकडा) आला नाही, आता येणारच. सगळं सोडवून आणतो."

पोत सोडवण्यापुरते पैसे माझ्याकडे आहेत. देऊ का? आणि लॉटरीचं तिकीटही बंद करायला सांगू, की तेवढं चालेल? आई एवढंच म्हणते, "त्याना हातमा पैसा दिऊ नको."

भुसावळ, रेल्वेतून रिटायर:
मास्तर, आईचं ऐका. माझ्या मेहुण्याने मला तीनदा कर्जातून काढलं. तिन्ही वेळा मी पाया पडलो आणि आठ दिवसांत परत टपरीवर उभा. सोडवायचीच असेल तर स्वतः पेढीवर जाऊन सोडवा आणि वहिनींना विचारून आईच्या ट्रंकेत ठेवा.

चौदा वर्षं आकडा लावला मी. आमच्या टपरीवर एका आकड्याला रुपयामागे नऊ मिळायचे, जोडीला (ओपन-क्लोजचे दोन आकडे मिळून) नव्वद. आकडे दहा, जोड्या शंभर. म्हणजे दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये ठेवले तरी 100 देऊन 90 परत. तिसरीतल्या पोराला कळेल असा हिशेब, पण मी चार्ट घेऊन बसायचो. कोणता आकडा किती दिवस "बंद" आहे, त्याच्या खुणा करायच्या. अहो, मडक्यातल्या चिठ्ठीला काल काय निघालं ते ठाऊक असतं का? सत्ता एकवीस दिवस आला नसला तरी उद्या दहात एकच वाटा त्याचा.

(गंमत बघा, हा धंदा कापसाचाच. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव मुंबईला यायचा, त्यावर पैजा लागायच्या. ओपन आणि क्लोज तिथलेच. ते भाव यायचे थांबले तेव्हा मडक्यात चिठ्ठ्या टाकून मटका सुरू झाला. आणि अजून आमचा कापूस विकून आलेला पैसा त्यातच जातो.)

तिकिटाचं म्हणाल तर राज्य लॉटरी 1969 पासून सरकारच चालवतं. 1998 च्या केंद्राच्या कायद्याने एकआकडी लॉटरी बंद केली ती उगाच नाही. निकाल जितका झटपट, तितका हात सुटतो. माझे दोस्त तिकीट काढतात. रक्कम ठरलेली, घरात सगळ्यांना माहीत, गेली तर चहा पिऊन मोकळे. दादाचंही इतकी वर्षं तसंच होतं, म्हणून तेव्हा तुम्ही हसलात ते चुकलं नाही. पण आज त्याला तिकीटही नको. दारू सोडलेल्या माणसाला ताडी चालेल का भो? मी दिवाळीच्या बंपरकडेसुद्धा बघत नाही.

चोपड्याची सून:
काका बरोबर बोलले, पण मास्तर, तुम्ही वहिनीशी बोललात का? पोत तिची आहे.

आमच्याकडे हेच झालं. डॉक्टरांनी ह्यांना दोनच प्रश्न विचारले. दिवसेंदिवस जास्त लावावंसं वाटतं का? किती लावले याबद्दल घरी खोटं बोललात का? पहिल्याला "नाही" म्हणाले, दुसऱ्याला माझ्याकडे बघत राहिले. तुमच्या दादाचं व्यापाऱ्याचं खोटं त्यातलंच आहे. हा आजार आहे आणि सिव्हिलला मानसोपचाराचे डॉक्टर असतात. त्याआधी 14416 ला फोन करा, टेलिमानस, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. पहिला फोन मीच केला होता, हे कुठे करतात!

आणि एक. माणूस एकदम गप्प झाला किंवा "मी गेलो म्हणजे सुटाल" असं काही म्हणाला तर एकटं सोडू नका. फवारणीची औषधं आजच घरातून हलवा. हे मी उगाच लिहीत नाही.

अमळनेर, कोर्टासमोर:
टपरीवाल्याची उधारी असेल तर घाबरू नका. पैजेचा करार 1872 च्या करार कायद्यात, कलम 30 प्रमाणे, रद्दबातल. कोर्टात वसूल होत नाही. मटका चालवणं हाच मुळात गुन्हा. दमदाटी केली तर पोलिसांत जा. पतसंस्थेचं किंवा सोनाराचं कर्ज मात्र खरंच कर्ज, ते फेडावं लागेल.

धरणगावचा मास्तर:
सगळ्यांचे आभार. औषधाचे डबे आज मळ्यातल्या खोलीत कुलपात ठेवले. वहिनीशी बोललो. पोतीचं तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मलाच कोणी सांगितलं नाही. दादाची ती वही तिने मला दाखवली. प्रत्येक पानाच्या खाली बारीक पेन्सिलने त्या दिवसाची रक्कम लिहिलेली, तिच्या अक्षरात. बेरीज केली नव्हती. रविवारी दादाला समोर बसवून करायची असं तिचं म्हणणं आहे, आणि 14416 चा फोन त्यानंतर तीच लावणार आहे.