फ्लॅटमध्ये मासे गरवायचे सहा रॉड कसे ठेवावेत? ग्रिलमध्ये, भिंतीवर की कपाटात?

नागलाबंदर

घोडबंदर रोडला टॉवरमध्ये दोन बीएचके आहे. रॉड सहा: ८ फुटी स्पिनिंग दोन (दोन्ही दोन तुकड्यांचे), १० फुटी सर्फ, म्हणजे किनाऱ्यावरून समुद्रात फेकायचा, एक (दोन तुकड्यांचा), साडेसहा फुटी एकसंध बेटकास्टिंग एक आणि टेलिस्कोपिक दोन. गरवायला जास्त करून गायमुखच्या खाडीवर जाणं होतं, सर्फ रॉड उरण-अलिबागला लागतो. सध्या सगळे हॉलच्या कोपऱ्यात टेकवून ठेवलेत.

गाईडच्या, म्हणजे लाईन ओवायच्या कड्यांच्या, पायाशी तपकिरी डाग दिसायला लागलेत. पावसाळ्यात कॉर्कच्या मुठीवर पांढरी बुरशी येते. ड्राय बाल्कनीच्या ग्रिलला पीव्हीसी पाईप बांधून त्यात ठेवावेत, की घरात स्टँड करून घ्यावा? स्टँडला सहा भोकं पुरतील ना? भिंतीत ड्रिल केलं की पांढरा भुगा पडतो आणि स्क्रूची गिट्टी फिरत राहते, तेही सांगा.

करंजा किनारा

ग्रिल नको. ऊन आणि पावसाची झड या दोन्हींमुळे गाईडवरच्या दोऱ्याच्या बांधणीचं इपॉक्सी पिवळं पडतं, तडकतं, आणि तडकलेल्या जागेतून पाणी फ्रेमच्या पायाखाली शिरतं. बंद पाईपमध्ये तर आत गेलेलं पाणी वाळतच नाही.

पण जागेचा प्रश्न नंतरचा. तपकिरी डाग म्हणजे रॉड मिठासकट ठेवले जातायत. स्टेनलेसची फ्रेम उघड्यावर सहसा टिकते, गंजायला सुरुवात होते ती जिथे मीठ अडकून बसतं तिथे: दोऱ्याची बांधणी सुरू होते त्या कडेला आणि सिरॅमिक कडं फ्रेममध्ये बसतं त्या खाचेत. वरवर फडकं फिरवून तिथलं मीठ निघत नाही.

घरी आल्यावर त्याच रात्री रॉडचे तुकडे सोडवा. साध्या नळाच्या पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाका आणि जुन्या मऊ टूथब्रशने प्रत्येक गाईड दोन्ही बाजूंनी घासा. रील काढून रील सीटची, म्हणजे रील बसते त्या जागेची, चकती पूर्ण मागे फिरवा. आटे आणि हूडच्या (रीलचा पाय धरणाऱ्या टोपणाच्या) आत सर्वांत जास्त मीठ साठतं आणि तिकडे कोणी बघत नाही. मूठसुद्धा साबणाने धुवा. कोळंबी-बोंबलाचा वास राहिला तर झुरळं आणि उंदीर कॉर्कपर्यंत पोचतात. मग कोरड्या सुती कापडाने पुसा. आपल्याकडे बऱ्याच सोसायट्यांना टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येतं, न पुसता वाळवलं तर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. त्यानंतर पंख्याच्या वाऱ्याला, सावलीत, किमान एक दिवस. जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवस धरा.

ओला रॉड कापडी पिशवीत कधीही घालू नका. बाकी सगळ्या चुका निस्तरता येतात, ही येत नाही. कोंडलेल्या दमटपणाने ब्लँकच्या, म्हणजे रॉडच्या मूळ दांडीच्या, वार्निशवर बारीक फोड येतात आणि ते परत बसत नाहीत. कॉर्कची बुरशी मात्र जाते: व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, कापडाने पुसून घ्या आणि वाळवा. ब्लीच लावू नका, कॉर्क ठिसूळ होतो.

डाग पडलेल्या गाईडची एक तपासणी आत्ताच करा. कानातल्या कापसाची काडी प्रत्येक कड्याच्या आतून गोल फिरवा. कापसाचा तंतू अडकला तर कड्याला चीर आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, पण ब्रेडेड (विणलेल्या) लाईनला तासते, आणि लाईन तुटते नेमकी मोठा जिताडा लागल्यावर.

सहा सूत

स्टँडचं मी सांगतो. सहा भोकं पुरणार नाहीत, नऊ लागतील. रॉड तुकडे सोडवूनच ठेवायचे: ८ फुटी दोघांचे चार, सर्फचे दोन, एकसंध एक, टेलिस्कोपिक दोन. जोडून ठेवले तर सांध्यात मीठ आणि वाळू अडकून दोन्ही तुकडे एकमेकांत घट्ट बसतात. मग लोक पक्कड लावतात आणि ब्लँक चेपतो. सांध्याच्या आत जाणाऱ्या टोकाला साध्या मेणबत्तीचं मेण हलकं घासून ठेवा.

माल: १८ मिमी मरीन प्लाय. आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या, साधा कमर्शियल प्लाय दोन पावसाळ्यांत फुगतो. रील काढून ठेवणार असाल तर भोकांमध्ये ३ इंच अंतर, रीलसकट ठेवणार असाल तर ५ इंच. ३ इंचाने नऊ भोकांची आठ अंतरं, म्हणजे २४ इंच, शिवाय दोन्ही टोकांना २-२ इंच, अशी २८ इंच लांब आणि ५ इंच रुंद पट्टी होते.

खालच्या पट्टीला ३५ मिमीच्या होल सॉने आरपार भोकं पाडा. सर्फ रॉडची मूठ आधी मोजा, तिला ४० लागू शकतं. या पट्टीखाली ६ मिमीचा प्लाय चिकटवा आणि प्रत्येक भोकाच्या मधोमध त्याला ६ मिमीचं बारीक छिद्र ठेवा, म्हणजे मुठीतून उतरलेलं पाणी साचणार नाही. ही पट्टी जमिनीपासून ४ इंच वर हवी, नाहीतर रोज लादी पुसताना भिजेल. वरची पट्टी साधारण ३४ इंचांवर. तिला पुढच्या कडेने २० मिमी रुंद, २५ मिमी खोल खाचा आणि आतून ३ मिमी ईव्हीए फोम. सर्फ रॉडचं रील सीट नेमकं त्याच उंचीला येऊ शकतं, म्हणून आधी रॉड भिंतीला उभा धरून खूण करा आणि मगच करवत लावा. पुढून एक इलॅस्टिक आडवं, बस्स. कापलेल्या सगळ्या कडांना पॉलिश किंवा प्रायमर लावाच, प्लाय पाणी पितो तो कडेनेच.

आता भिंत. पांढरा भुगा म्हणजे एएसी ब्लॉक, हलक्या सच्छिद्र काँक्रीटचा. नेहमीची छोटी गिट्टी त्यात धरत नाही. ड्रिलचा हॅमर बंद करून नुसतं फिरवून भोक पाडा आणि ८ बाय ८० मिमीची लांब नायलॉन फ्रेम फिक्सिंग वापरा. घरातल्या एखाद्या भिंतीत ड्रिल आतच जात नसेल तर ती मायव्हॅनची, म्हणजे साच्यात ओतलेली, काँक्रीट भिंत. तिथे हॅमर लागतो आणि साधी गिट्टीही चालते. कुठल्याही स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल नको, आत वायरचा पाईप असतो. स्लॅबला रॅक टांगायचा विचार असेल तर याच कारणासाठी सोडून द्या.

पावसाची झड जिच्यावर बसते ती बाहेरची भिंत आणि बाथरूमला लागून असलेली भिंत, दोन्ही टाळा. आतली पार्टिशनची भिंत सर्वांत कोरडी असते.

खाडीपलीकडे

वरचं सगळं बरोबर, पण लहान मुलं असतील तर उभा स्टँड नको. पॅसेजमध्ये दाराच्या चौकटीच्या वर आडवा रॅक बरा पडतो. पॅसेजला पंखा नसतो हा मोठा फायदा. घरात रॉडच्या टिपा तुटतात त्या पंख्याने आणि दाराच्या बिजागरीच्या फटीत.

आडव्यात आधार कुठे द्यायचा हे महत्त्वाचं. ४ फुटी तुकड्याला दोन आधार, टोकांपासून साधारण एक-एक फूट आत. साडेसहा फुटी एकसंध रॉडला तीन. दोनच टोकांना टेकवून वर्षभर ठेवला तर मधे झोल येतो, फायबरग्लासला लवकर, कार्बनला उशिरा. कोपऱ्यात तिरका टेकवल्यानेही हेच होतं. आधार ब्लँकखाली यावा, गाईडखाली नाही.

आणखी एक, कार्बनचे रॉड एकमेकांवर आपटू देऊ नका. शिशाचा गोळा किंवा दुसऱ्या रॉडचं गाईड लागून पडलेला टोचा वरून नखाएवढाही दिसत नाही. पुढे कधीतरी रॉड लोडखाली तिथूनच मोडतो आणि लोक कंपनीला दोष देतात.

कार्बन वीज वाहतो हेही ध्यानात असू द्या. स्टेशनवर ओव्हरहेड वायर २५ हजार व्होल्टची असते. रॉड सोडवून, पिशवीत, आडवा धरूनच न्या.

नागलाबंदर

घरात लहान मूल आहे, त्यामुळे आडवाच करतो. रील कपाटात ठेवली तर चालतील? सिलिका जेल किती लागेल? आणि सर्फ रॉडच्या टोकाचं कडं हलतंय, फेव्हिक्विकने बसवू का?

करंजा किनारा

रील कपाटात चालतील, पूर्ण वाळल्यावर. धुताना ड्रॅग (सुटत्या लाईनला रोखणारा रीलचा ब्रेक) घट्ट आवळा, म्हणजे पाणी वॉशरमध्ये शिरत नाही. नळाची बारीक धार वरून सोडा, जोराचा जेट मारला की मीठ आत ढकललं जातं, बादलीत बुडवलं तरी तेच. पुसून वाळलं की ड्रॅग पूर्ण सैल करा. आवळलेला राहिला तर वॉशर दबून बसतात आणि पुढच्या वेळी लाईन झटके देत सुटते. लाईन रोलरला (लाईन जिच्यावरून जाते त्या छोट्या चकतीला) तेलाचा एकच थेंब. निओप्रिनच्या कव्हरमध्ये रील ठेवून कपाट बंद करू नका, आत घाम धरतो.

सिलिका जेल फक्त बंद दाराच्या कपाटात उपयोगी आहे, उघड्या रॅकला नाही. कपाटाच्या एका कप्प्याला अर्धा किलो घ्या. केशरी रंगाचं मिळतं, ओलावा धरला की हिरवं होतं. मग ओव्हनमध्ये १२० अंशांना दोनेक तास तापवलं की परत केशरी.

ल्यूरच्या (नकली आमिषांच्या) डब्याचंही त्याच वेळी बघा. एक गंजका ट्रेबल हुक (तीन टोकांचा गळ) अख्ख्या डब्याला डाग पाडतो. सॉफ्ट प्लॅस्टिकची आमिषं त्यांच्या मूळ पिशवीतच राहू द्या, कडक ल्यूरला चिकटली तर दोन्ही वितळून एक होतात. शिशाचे गोळे मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशा बंद डब्यात, आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

टोकाच्या कड्याला फेव्हिक्विक नको, अराल्डाइटही नको. कडं पुढेमागे बदलावं लागतंच आणि तेव्हा टिप त्याच्यासकट तुटते. हॉट मेल्ट ग्लूची कांडी घ्या. तिचा छोटा तुकडा लायटरवर मऊ करून टिपवर लावा, कडं हलकं गरम करून बसवा आणि बाकीच्या गाईडच्या रेषेत फिरवून धरा. ज्योत ब्लँकला लागू देऊ नका. बाहेर आलेला ग्लू थंड झाल्यावर नखाने निघतो.