धाकट्या भावाला अग्निवीर म्हणून पाठवावं का? पगार आणि चार वर्षांनंतरचं, सल्ला हवा

राधानगरीची_लेक
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ नुकताच अठरा पूर्ण झाला. बारावी आर्ट्स. गाव राधानगरी तालुक्यात, वडिलांचा तीस गुंठे ऊस, दोन म्हशी, दूध गोकुळला. अग्निवीरची, म्हणजे फौजेतल्या चार वर्षांच्या भरतीची, लेखी परीक्षा पास झालाय, आता भरती मेळाव्याची तारीख येईल. अंधार असतानाच उठून रस्त्यानं पळतो, परड्यातल्या आडव्या पाइपला लोंबकळून बीम मारतो. तळहाताची कातडी सोलली की हळद लावून परत तेच.

मामा म्हणतात, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत चिकटवतो, पंधरा-सोळा हजारांवर सुरुवात होईल, घरात तरी राहील. आईचं मत पोलीस भरतीचं. वडील काहीच बोलत नाहीत. मी लग्न होऊन कोल्हापुरात आलेय, थोडं शिकलेय, म्हणून शेवटी सगळे मलाच विचारतात.

देशसेवेची ओढ त्याच्या मनात आहेच, त्याबद्दल मला काही विचारायचं नाही. मला विचारायचंय ते एवढंच, की जे काम तो करणार, जो धोका पत्करणार, त्या मानानं पगार रास्त आहे का? आणि बाविसाव्या वर्षी परत आला तर हातात काय असेल? ज्यांच्या घरात फौजी आहे त्यांनी स्पष्ट सांगावं.

शिरोळचा_फौजी
ताई, मी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून बाहेर पडलो. आमच्या तालुक्यात सैनिक टाकळीसारखं गाव आहे. तिथं कुणालाही विचारा, "बिनधास्त पाठवा" म्हणतील, आणि मनापासून म्हणतील. कारण त्यांनी बघितलेली फौज पेन्शनची. जवानाची पंधरा वर्षं भरली की शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन आयुष्यभर, माणूस गेला तर मागं बायकोला. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून दवाखाना, कॅन्टीनचं कार्ड, राज्य सरकारच्या नोकरीत माजी सैनिकांच्या जागा. चाळिशीच्या आत घरी आलेला माणूस पेन्शन खात दुसरी नोकरी करतो. आमच्याकडं कितीतरी घरांवर स्लॅब पडला तो या पेन्शनवर, पोरं इंजिनिअर झाली ती या पेन्शनवर.

अग्निवीरला यातलं काही नाही. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. सुट्टी आम्हाला साठ दिवस वार्षिक आणि तीस दिवस कॅज्युअल होती, त्याला वर्षाला तीस. म्हणून सल्ला देणारा माणूस कुठल्या फौजेबद्दल बोलतोय ते आधी बघा.

पण दुसरी बाजूही सांगतो. फौजेत जे शिकवतात ते गावात राहून शिकता येत नाही. भाकरी-कपडा, औषधपाणी सगळं सरकारचं. अठरा वर्षांचं पोरगं बेळगावच्या सेंटरमधून कसम परेड करून बाहेर पडतं तेव्हा ते वेगळंच माणूस झालेलं असतं. मी स्वतः असली पोरं घडवलीत.

हिशेबनीस_राजारामपुरी
मी आकडेच मांडतो, म्हणजे बोलायला बरं.

अग्निवीरचा पहिल्या वर्षीचा पगार महिना ३०,०००. त्यातले ९,००० सेवा निधीला कापतात, हातात २१,०००. दुसऱ्या वर्षी ३३,००० पैकी हातात २३,१००. तिसऱ्या वर्षी ३६,५०० पैकी २५,५५०. चौथ्या वर्षी ४०,००० पैकी २८,०००. चार वर्षांत हातात येणारे झाले सुमारे ११ लाख ७२ हजार. कापलेले ५ लाख २ हजार, तेवढेच सरकार घालतं, आणि व्याजासकट बाहेर पडताना अंदाजे ११ लाख ७१ हजार मिळतात. यावर आयकर नाही. म्हणजे सगळं धरून चार वर्षांत साधारण २३ लाख, महिन्याला ४८ हजारांच्या पुढं. राहणं-खाणं फुकट, आणि जिथं पोस्टिंग असेल तिथले जोखमीचे भत्ते वेगळे. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत बारावी आर्ट्सच्या पोराला कुणी हे देणार नाही. कोल्हापूरच्या बाजारात हा पगार चांगलाच आहे.

पण तो रास्त आहे का हे फौंड्रीशी तुलना करून ठरत नाही. शेजारच्या खंदकात उभ्या असलेल्या नेहमीच्या भरतीतल्या जवानाशी तुलना करा. त्याचा मूळ पगार २१,७०० पासून सुरू होतो, वर मिलिटरी सर्व्हिस पे ५,२००, आणि दोन्हीवर महागाई भत्ता. जानेवारी २०२४ ला हा भत्ता ५० टक्के झाला, तेव्हाच ही बेरीज ४०,३५० होत होती, बाकीचे भत्ते सोडून. अग्निवीरला सर्व्हिस पे नाही आणि महागाई भत्ताही नाही. बर्फ तोच, रायफल तीच, ड्युटीचा रोस्टर तोच. हा फरक मला पटत नाही आणि कधी पटणारही नाही.

पन्हाळ्याचा_वारा
सगळे पैशावरच काय बोलताय? पगार बघून फौजेत जायचं नसतं. वर्दीचा मान मोजता येत नाही.

शिरोळचा_फौजी
भावा, वर्दीचा मान मला सांगू नकोस, मी ती आयुष्यभर घातली. महिन्याच्या पहिल्या तारखेला मनीऑर्डर गावी पोहोचली का, हे कारगिलच्या वेळीही जवान एकमेकांना विचारत होते. पगार विचारला म्हणून कुणाची निष्ठा कमी होत नाही. उलट ज्या जवानाला घराची काळजी नसते तो ड्युटी नीट करतो. ताईंनी विचारलं ते बरोबरच विचारलं.

फौजीची_बायको_कागल
ताई, माझे मिस्टर जुन्या भरतीतले, नायक या हुद्द्यावर आहेत. पगारात जे दिसत नाही ते मी सांगते.

फिल्ड एरियात फॅमिली नेता येत नाही. म्हणून मी इथं सासू-सासरे, दोन मुलं, ऊस आणि डेअरी सांभाळते. ऊसतोडीची टोळी यायची तीही माझ्याच अंगावर. मुलाला डेंग्यू झाला तेव्हा फोन लागत नव्हता, तिसऱ्या दिवशी त्यांचा आवाज आला आणि पहिलं वाक्य होतं "प्लेटलेट किती आहेत?" गौरी-गणपतीला सुट्टी मिळालीच तर गाडीचं रिझर्व्हेशन नसतं, जनरलच्या दरवाजात ट्रंकेवर बसून येतात. या सगळ्याचा पगारात कुठं हिशेब नसतो. तरी मी त्यांना कधी नोकरी सोडा म्हटलं नाही, कारण पुढं पेन्शन आहे आणि त्यांना काही झालं तर मागं माझी नि मुलांची सोय आहे.

आता जे कुणी बोलत नाही ते बोलते. अग्निवीरचा ४८ लाखांचा विमा असतो, हप्ता सरकार भरतं. ड्युटीवर काही झालं तर वर ४४ लाख सानुग्रह, उरलेल्या महिन्यांचा पगार आणि सेवा निधी. रक्कम मोठी आहे, नाही म्हणत नाही. पण फॅमिली पेन्शन नाही. नेहमीचा जवान लढाईत गेला तर त्याच्या बायकोला शेवटच्या पगाराएवढी पेन्शन मिळते. एकरकमी पैसा गावात कसा संपतो हे तुम्हालाही माहीत आहे. भावकी येते, उधार मागणारे येतात. महिन्याला येणारी पेन्शन कुणाला खाता येत नाही. हे तुमच्या आईला अगोदर समजावून सांगा. भावाला नंतर सांगितलंत तरी चालेल.

राधानगरीची_लेक
वहिनी, वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. आईला सांगेन. मनापासून आभार.

चार वर्षांनी ठेवून घेतात त्याचं नक्की काय? भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीतले सर म्हणतात "चांगला असेल तर परमनंट होतोच."

कळंब्याचा_पळपुटा
तुमच्या सरांना फी मिळते म्हणून ते तसं म्हणतात. प्रत्येक बॅचमधले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात, त्यांना पुढं किमान पंधरा वर्षं नोकरी. उरलेले घरी. चांगली असूनही चारातली तीन पोरं बाहेर पडणारच, हिशेबच तसा आहे. पहिली बॅच २०२२ च्या शेवटाला लागली, तिची चार वर्षं २०२६ च्या शेवटाला भरतात.

अकॅडमीवरून आणखी एक. माझ्या मित्रानं एका अकॅडमीत वर्षाची फी भरली, तिथं मूळ मार्कलिस्ट आणि दाखला "जमा" करून घेतला आणि मध्येच सोडायचं म्हटलं तर परत देईनात. मूळ कागद कुणाकडंही ठेवू नका. आणि "आतून सेटिंग आहे" म्हणणारा भेटला तर तिथूनच माघारी फिरा. १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आलं तर ६० गुण, दहा बीमचे ४०, नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग नुसतं पास व्हायचं. त्यात सेटिंगवाला काय करणार? पळावं पोरालाच लागतं.

एसएसबी_वाला
ताई, एक दरवाजा तुमच्या घरात कुणी बघितलेलाच दिसत नाही. भाऊ आर्ट्सचा असला तरी एनडीएच्या, म्हणजे फौजेचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, आर्मी विंगला चालतो. वयाची मर्यादा साडेएकोणीस, म्हणजे त्याच्याकडं थोडा वेळ आहे. परीक्षा वर्षातून दोनदा. अवघड आहे, पण फॉर्म भरायला काय हरकत आहे? ते हुकलं तर पदवीनंतर सीडीएस ही अधिकारी भरतीची परीक्षा आहे. लेफ्टनंटचा मूळ पगार ५६,१०० पासून, वर सर्व्हिस पे १५,५००. एसएसबीच्या, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीच्या, तयारीसाठी सैनिक कल्याण विभागाचं नाशिक रोडला केंद्र आहे. कोल्हापुरात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा, तिथली माणसं नीट माहिती देतात.

अग्निवीर लागला तरी पदवी सुटू देऊ नका. इग्नू या मुक्त विद्यापीठानं अग्निवीरांसाठी अभ्यासक्रम काढलाय, त्यात फौजेतल्या प्रशिक्षणाचे निम्मे क्रेडिट धरतात. बाविसाव्या वर्षी बारावी पास म्हणून बाहेर पडणं आणि पदवीधर म्हणून बाहेर पडणं यात फार अंतर आहे.

शिरोळचा_फौजी
एसएसबीवाल्या भावानं मोलाचं सांगितलं. त्यात माझं एवढंच जोडा.

आई पोलीस भरती म्हणते, तर ती बाविसाव्या वर्षीही उघडी आहे. खुल्या गटाला २८ पर्यंत वय चालतं. अग्निवीरचं वय मात्र निघून जातं. तेव्हा आधी फौज, मग पोलीस, हा क्रम बसतो. उलटा बसत नाही. निमलष्करी दलांतही अग्निवीरांसाठी २०२२ मध्येच १० टक्के जागा आणि वयाची सवलत जाहीर झाली. रायफल हाताळलेला, पळायला तयार असलेला पोरगा तिथं इतरांच्या पुढंच असतो. फक्त मराठीचा पेपर, गणित, सामान्य ज्ञान हे चार वर्षांत हातातून गेलं तर मैदान मारूनही लेखीत अडकतो.

माझा सल्ला विचाराल तर पाठवा. पण सेवा निधीचे ११ लाख आज घरात कुणीच मोजू नका. ते मामाच्या उधारीचे नाहीत, घराच्या स्लॅबचेही नाहीत. ते त्या पोराची पेन्शन आहे, तेवढीच आहे.

हिशेबनीस_राजारामपुरी
सुभेदार साहेबांशी सहमत. ११ लाख ७१ हजार सात टक्क्यांनी ठेवले तरी महिन्याला ६,८०० च्या आसपास व्याज. पेन्शनची जागा ते भरून काढत नाही, हे लक्षात असू द्या. हातात येणाऱ्या २१ हजारांतून पहिल्या महिन्यापासून पाच हजार बाजूला पडले पाहिजेत. तिथं खर्च कमी असतो, मोबाइल आणि बुलेटच्या हप्त्यात पैसा जातो.

राधानगरीची_लेक
सगळ्यांचे आभार. काल गावी जाऊन बसलो सगळे. वहिनींनी लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ चुलीपाशीच बसली, मग म्हणाली, "जाऊ दे त्याला, पण शिकायचं सोडायचं नाही." वडील पहिल्यांदा बोलले, सेवा निधीला हात लावणार नाही म्हणाले. एनडीएचा फॉर्मही भरतोय. मामा नाराज आहेत.

एकच विचारते. विम्याला नॉमिनी कुणाला लावायचं? वडिलांच्या नावावर सोसायटीचं कर्ज आहे.

शिरोळचा_फौजी
आईला. जॉइन होताना कागद भरतील तेव्हा आईचं नाव आधार, पासबुक आणि त्याच्या दाखल्यावर एकसारखं असलं पाहिजे. आमच्याकडं आधारवर एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, यात पुष्कळ घरं अडकलीत. मेळाव्याची तारीख यायच्या आत दुरुस्त करून घ्या. तहसीलला गर्दी असते, सोमवार सोडून जा.