अनुभव धागा: मराठवाड्यात गिरणी, शाळा, मंगल कार्यालयावर सोलर बसवताना पॅनल कसे निवडावेत?

धागा सुरू करताना (नांदेड)

सामाजिक सभागृह, मंगल कार्यालय, दाळ मिल, पतसंस्थेची इमारत अशा जागांसाठी येणारी बरीच कोटेशनं "किलोवॅटला इतके रुपये" एवढ्यावरच संपतात. पॅनल घेताना काय पाहावं, काय बिघडतं आणि का, ते जाणकारांनी आकड्यांसह लिहावं. कंपन्यांची नावं नकोत.

सुरुवातीचा हिशोब देतो. 1 किलोवॅटमागे वर्षाची सरासरी रोजचे 4 युनिट, म्हणजे वर्षाला साधारण 1,450. 540 वॅटचे 19 पॅनल लावले की 10 किलोवॅट होतं. एक पॅनल साधारण 2.28 मीटर लांब, 1.13 मीटर रुंद आणि 28 किलो वजनाचं असतं. स्लॅबवर ओळींमधलं अंतर धरून 90 ते 100 चौरस मीटर मोकळी जागा हवी. पाण्याची टाकी आणि जिन्याच्या खोलीची सावली यातून वेगळी काढा.

जिनिंग-प्रेसिंगचं विद्युत काम, परभणी

पॅनलच्या आधी बारा महिन्यांची बिलं समोर ठेवा. नेट मीटरिंगचा (ग्रिडला दिलेले युनिट बिलातून वजा होण्याच्या पद्धतीचा) हिशोब 1 एप्रिल ते 31 मार्च असा चालतो आणि जिनिंगचा सीझन साधारण नोव्हेंबर ते मार्च. म्हणजे एप्रिलपासून साठलेले युनिट सीझनमध्ये वापरून 31 मार्चच्या आत संपवता येतात. जिनिंगला हे फार सोयीचं आहे. उदाहरणार्थ, सीझनमध्ये 60,000 आणि बाकीच्या वर्षात 12,000 युनिट लागत असतील तर 72,000 भागिले 1,450, म्हणजे 50 किलोवॅट.

मंगल कार्यालयाचं गणित उलटं बसतं. एप्रिल-मेच्या लग्नांना मागच्या हिवाळ्यातले युनिट कामी येत नाहीत, कारण हिशोब मार्चअखेर मिटलेला असतो आणि उरलेल्या युनिटला पूर्ण दर मिळत नाही. तिथे वर्षाच्या वापरापेक्षा थोडी कमीच क्षमता घ्यावी.

आणखी दोन गोष्टी. सोलरची क्षमता मंजूर भारापेक्षा किंवा कॉन्ट्रॅक्ट डिमांडपेक्षा जास्त घेता येत नाही आणि स्थिर आकार सोलर लावूनही भरावाच लागतो. टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेनुसार वेगळा दर लावणारं) असेल तर दुपारचे युनिट रात्रीच्या वापरातून जसेच्या तसे वजा होतील असं धरून चालू नका. कोणत्या स्लॉटचे युनिट कोणत्या स्लॉटला लागतात ते चालू दरपत्रकात वाचूनच परतफेडीचा हिशोब मांडा.

सोलर डिझाइन, लातूर

आता आपल्या उन्हाबद्दल. पॅनलवर लिहिलेले वॅट सेलचं तापमान 25 अंश असतानाचे असतात. मे महिन्यात हवा 42 अंशांवर गेली की सेल 65 अंशांच्या पुढे जातो. डेटाशीटवर "टेम्परेचर कोइफिशंट" शोधा, म्हणजे तापमान एका अंशाने वाढलं की किती टक्के वीज घटते तो आकडा. पॅनलच्या सेलचे दोन प्रकार मिळतात, मोनो पर्क आणि टॉपकॉन. मोनो पर्कला तो अंशाला साधारण उणे 0.35 टक्के, टॉपकॉनला उणे 0.30 टक्के. 40 अंशांचा फरक धरला तर पहिल्यात 14 टक्के घट, दुसऱ्यात 12. म्हणजे 10 किलोवॅटवर ऐन दुपारी 200 वॅटचा फरक. टॉपकॉनचा दुसरा फायदा असा की दरवर्षीची घट कमी, साधारण 0.4 टक्के. पर्कची 0.55 धरा. भावात थोडाच फरक असेल तर टॉपकॉन घ्या.

पण पत्र्याच्या शेडवर पॅनल पत्र्याला चिकटवून बसवले तर ही सगळी निवड वाया जाते. खालून हवा खेळली पाहिजे, किमान 10 ते 15 सेंटिमीटर फट हवीच. दोन्ही बाजूंनी वीज देणाऱ्या बायफेशियलसाठीही पत्र्यावर जास्तीचे पैसे देऊ नका, तिथे मागून उजेड मिळतच नाही. उंच स्ट्रक्चर आणि खाली चुना मारलेला पांढरा स्लॅब असेल तरच त्याला अर्थ आहे. स्लॅबवर तोंड दक्षिणेला आणि कल 15 ते 20 अंश ठेवा.

परवानाधारक वायरमन, छत्रपती संभाजीनगर

दादा, पॅनल चांगला आणि जोडणी कच्ची, हे चित्र सगळीकडे दिसतं. जळालेला एमसी-4 कनेक्टर (पॅनलच्या तारा जोडायचा प्लग) हातात घेऊन पाहा: बाहेरचं काळं प्लास्टिक एका बाजूने फुगलेलं, आतली पिन तपकिरी आणि तार ओढली की सहज निसटते. कारणं दोनच. एकतर पिन क्रिंपिंग टूलऐवजी पकडीने दाबलेली, नाहीतर एका कंपनीचा नर आणि दुसऱ्या कंपनीची मादी जोडलेली. दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या असाव्यात, असं वर्क ऑर्डरमध्येच लिहा.

थंडीचाही हिशोब धरा. 540 वॅटच्या पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज (लोड नसतानाचं) साधारण 49.5. एका स्ट्रिंगमध्ये (एकामागे एक जोडलेल्या माळेत) 19 घेतले की 940 व्होल्ट. परभणीसारखी 5 अंशांची सकाळ आली की ते 990 च्या वर जातं. 1,100 व्होल्टच्या इन्व्हर्टरला ते चालतं, 1,000 वाल्यात मात्र काही शिल्लकच उरत नाही, म्हणून तो नको.

अर्थिंग तीन वेगवेगळी हवीत: डीसी बाजू आणि स्ट्रक्चरचं एक, एसी बाजूचं एक, आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाचं एक. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि इलेक्ट्रोडपासून सुटते, खाली मुरूम-खडक लागला तर आणखी पंचाईत. नुसत्या मीठ-कोळशावर राहू नका, बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरा आणि रोध पावसाळ्यात न मोजता मे महिन्यात मोजा. 5 ओहमच्या आत हवा.

शाळा व ग्रामपंचायत इमारती, बीड

"सोलर आहे म्हणजे लाईट जाणार नाही" हा गैरसमज बैठकीतच दूर करा. लाईट गेली की ऑनग्रिड (लाइनला जोडलेला, बिनबॅटरीचा) इन्व्हर्टर बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून तो मुद्दाम तसाच बनवलेला असतो. संगणक कक्ष किंवा लसीचा फ्रिज चालूच ठेवायचा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर, बॅटरी आणि तेवढ्याच लोडची वेगळी वायरिंग लागते.

दुसरी तक्रार म्हणजे ऐन दुपारी इन्व्हर्टर ट्रिप होतो. डीपी लांब आणि एसी केबल बारीक असली की इन्व्हर्टरजवळचं व्होल्टेज वर चढतं. इन्व्हर्टर मीटरजवळ आणा, लांबी डीसी केबलची वाढू द्या.

देखभाल, जालना

बोअरच्या जड पाण्याने धुऊ नका, क्षारांचे पांढरे डाग काचेवर बसतात ते निघत नाहीत. साठवलेलं पावसाचं किंवा सॉफ्टनरचं पाणी वापरा, सकाळी ऊन चढायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये. टंचाईत कोरडा मायक्रोफायबर मॉप चालतो.

खालच्या फ्रेमपाशी चिखलाची बोटभर पट्टी साचते, तिच्याकडे आधी लक्ष द्या. उभ्या लावलेल्या हाफकट (वर-खाली दोन भागांत विभागलेल्या) पॅनलमध्ये तिने सेलची शेवटची ओळ झाकली की खालच्या अर्ध्या भागाची वीजनिर्मिती घटते. जिनिंगजवळ रुईचे तंतू याच पट्टीला चिकटतात आणि ती लवकर जाड होते.

विमा व दावे, धाराशिव

2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आपल्या भागाने पाहिली आहे. पॅनलची प्रमाणित गार चाचणी सहसा 25 मिलिमीटरच्या बर्फगोळ्यावर होते, त्याहून मोठ्या गारेची हमी त्यात नसते. डेटाशीटवर काचेची जाडी पाहा (एका काचेच्या पॅनलला 3.2 मिलिमीटर सामान्य) आणि विम्यात "गारपीट" हा शब्द आहे का ते वाचा. कामगार पॅनलवर उभे राहिले तर सेलला न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि मग दावा करताना वाद होतो.

हिशोबनीस, हिंगोली

पीएम सूर्यघरचं अनुदान घरगुती ग्राहकांना, आणि गृहनिर्माण सोसायटीच्या सामायिक वापराला किलोवॅटमागे 18,000 रुपये. गिरणी-दुकानाला ते नाही, त्यांना आयकरात 40 टक्के घसारा मिळतो. पण त्या आर्थिक वर्षात यंत्रणा 180 दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर निम्माच. म्हणून काम पूर्ण करून यंत्रणा सप्टेंबरअखेर चालू करून घ्या.

परत लातूर

एक राहिलंच, ताई-दादांनो. माल उतरताना प्रत्येक पॅनलचा सिरियल नंबर फ्लॅश टेस्ट रिपोर्टशी (कारखान्यात त्या पॅनलचे वॅट मोजल्याचा कागद) ताडून पाहा आणि मॉडेल एएलएमएम या सरकारमान्य पॅनलच्या यादीत आहे का तपासा. नंबर जुळला नाही तर तो पॅनल गाडीतून खाली उतरवूच नका.