चंद्रकळेवर कळलावी भरायची आहे, पाकळी काही वळत नाही

खानापूरची सुईवाली:
श्रावण लागला की आमच्या परसातल्या कुंपणावर कळलावी चढते. यंदा तीच सासूबाईंच्या जुन्या काळ्या चंद्रकळेवर कसूतीत, म्हणजे धारवाडकडच्या मोजून टाके घालायच्या भरतकामात, भरायचं डोक्यात घेतलंय. कसूती शिकले ती धारवाडकडच्या एका शेजारणीकडून. पण त्या अक्का गोपूर, हत्ती, पालखी, तुळशीवृंदावन यापलीकडे जात नाहीत. कापडावर आखायचं नाही, धागे मोजायचे, गाठ मारायची नाही. टाका आडवा, उभा नाहीतर तिरका. आणि या फुलाला मेलं एक सरळ रेघ नाही! सहा पाकळ्या, सगळ्या मागं उलटलेल्या, कडांना चुण्या. दोनदा भरलं, दोनदा उसवलं. धाकटा म्हणतो, "आई, खेकडा छान झालाय." तिसऱ्यांदा उसवलं तर कापडच जाईल. काय करू?

शहापूरकर वहिनी:
आधी साडी बाजूला ठेवा की हो! मॅटीच्या, म्हणजे धागे सहज मोजता येतील अशा जाड विणीच्या कापडाच्या, तुकड्यावर बसवून बघा. चंद्रकळेचे धागे बारीक, मोजताना डोळे जातात. साडीवर भरताना वर जाळीचं कापड टाचा, त्याची घरं मोजून भरा, मग जाळीचे धागे एकेक ओढून काढा.

जांबोटीचा पाव्हणा:
कळलावी, आणि तीही सासूबाईंच्या साडीवर? धाडस आहे तुमचं. आमच्याकडं ती घरात आणत नाहीत, भांडणं लागतात म्हणून. थट्टा सोडा, पण कंद जहरी असतो. वेल उपटून आणू नका, फूल हाताळलं तरी हात धुवा. पोरं आहेत घरात.

टाकामोजणी:
फूल समोरून का भरताय? बाजूनं बघा. मधली हिरवी काडी बुडापासून एकदम काटकोनात आडवी वळते. ती गवंतीनं, म्हणजे दुहेरी धावदोऱ्यानं, भरा. पाकळीची कड मुर्गीनं, म्हणजे नागमोडी टाक्यानं घ्या, पायऱ्या पायऱ्यांची. चुण्या आपोआप दिसतील, आणि दोन्ही टाके उलटसुलट सारखेच. मेंथी, म्हणजे फुलीचा टाका, नको, फूल जड होईल. पानाचं टोक आकड्यासारखं वळतं ते विसरू नका, त्याशिवाय ती कळलावी वाटणार नाही. रंग एकच घेऊ नका. उमलताना हिरवट पिवळी, मग खाली पिवळी वर लाल, शेवटी सगळीच लाल. एका वेलीवर तिन्ही वयाची फुलं दाखवा.

खानापूरची सुईवाली:
आत्ता टॉर्च घेऊन कुंपणापाशी जाऊन आले. खरंच काटकोन! अकरा वर्षं तोच वेल बघतेय मी. पाव्हणे, सासूबाईंना नाव सांगून टाकलं. म्हणाल्या, "भांडायला फूल कशाला लागतंय? भर की."
मॅटीवर काडी आणि दोन पाकळ्या झाल्या, उसवावं लागलं नाही. आता अडलंय ते मधल्या वयाच्या फुलाशी. पाकळी चौदा टाक्यांची आहे, पिवळा सोडून लाल कितव्या टाक्याला धरू?